नेट चालत नाही : चिपळूणच्या घरातल्या वायफायच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

वही आजपासून. सकाळी आईने विचारलं, "गेल्या महिन्यात तीन रविवार त्या डब्यापाशी बसली होतीस, त्याचं पुढे काय झालं?" आणि मला धड सांगता येईना. मे महिन्यात मी राउटरच्या सेटिंगमध्ये बरंच काही फिरवलं. काय फिरवलं, कधी फिरवलं, त्याने काय सुधारलं, यातलं काही आठवत नाही. ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिथे कुणी असा कारभार केला असता तर मीच त्याचं डोकं खाल्लं असतं.

आधी घराची मांडणी. तळमजला जांभ्याच्या चिऱ्यांचा, भिंती दीड फुटाच्या. माडी नंतर बांधलेली, विटांची. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही जिन्याच्या वरच्या चौकात, फळीवर. घराच्या मधोमध खाली ठेवायचे सोडून वर का, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या खालच्या खोल्यांत शिरलं. राउटर, टीव्ही, फ्रीज, मिक्सर, सगळं गाळात. त्यानंतर बाबांचा नियम : विजेची जी वस्तू वर राहू शकते, ती वर राहील. नियम मला मान्य आहे. म्हणजे राउटरची जागा बदलणार नाही, हे धरूनच पुढचं काम.

खाली रेंज पोचत नाही म्हणून पुरानंतर घेतलेला जुना राउटर स्वयंपाकघरात कपाटावर ठेवलाय. वरच्या राउटरमधून एक केबल जिन्यातून खाली त्याच्यात येते. त्याचं काम फक्त रेंज वाढवायचं. पुढे "वरचा" आणि "खालचा" असंच लिहीन. दोघे आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर आहेत. टीव्ही, फ्रीज, गिझर नाहीत.

तक्रारी, ज्याच्या त्याच्या शब्दांत :

आई : "फोनवर वायफायचं चिन्ह असतं, पण फोटो जात नाही. बंद करून चालू केलं की कधी जातो, कधी नाही."

बाबा, लॅपटॉपबद्दल : "माडीवर गेलो की आपलं नावच दिसत नाही. खाली दिसतं."

बाबा, टीव्हीबद्दल : "तू प्रिंट काढलीस की टीव्ही अडकतो."

मी : लाईट गेली की इन्व्हर्टर असूनही मीटिंग तुटते. शिवाय वरच्या बाथरूममधल्या गिझरचा स्मार्ट प्लग मेच्या अखेरीपासून मुका झालाय.

बाबांच्या दोन्ही तक्रारी मी हसण्यावारी नेल्या. राउटरच्या जवळ गेलं की नाव नाहीसं होतं आणि लांब गेलं की दिसतं? आणि प्रिंटरचा टीव्हीशी संबंध काय?

३ जून, रात्र

वर बसून फायबरच्या डब्याचे दिवे पाहिले. पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा दिवा हिरवा, स्थिर. लॉसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा लाल दिवा बंद. लॅपटॉप केबलने थेट वरच्या राउटरला लावला, वेग ९४ मेगाबिट. प्लॅन १०० चा आहे आणि माझ्या लॅपटॉपला लावलेलं जोडणीचं अडॅप्टर जुनं, १०० मेगाबिटचं. त्यातून ९४-९५ च्या वर जाणारच नाही, कारण माहिती छोट्या पाकिटांतून जाते आणि प्रत्येक पाकिटाचं वेष्टणही त्याच रस्त्याने जातं. म्हणजे दारापर्यंत माल नीट येतोय. नेटवाल्याला फोन करायची गरज नाही. जे काही बिघडलंय ते घरात.

मग फोन घेऊन घरभर फिरले आणि वरच्या राउटरची रेंज मोजली. माझी खोली उणे ४५, माडीची गॅलरी उणे ५२, माजघर उणे ७१, ओटी उणे ८३. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली, आणि दर तीन अंकांनी ताकद निम्मी होते. माजघरातून ओटीवर यायला मध्ये एकच भिंत, पण ती चिऱ्याची. १२ अंक गेले, म्हणजे एक सोळांश उरलं. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी पितो, आणि या लहरींना पाणी अडवतं. पाऊस लागल्यावर हाच आकडा पुन्हा घ्यायचा.

नियम : एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधी इथे लिहायची.

५ जून

बाबांचा लॅपटॉप हातात घेतला. दादाने अमेरिकेत वापरलेला, मग बाबांना दिलेला. आमचं वायफाय दोन पट्ट्यांत (बँडमध्ये) चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. याचं कार्ड जुनं आहे, त्याला २.४ च कळतं, ५ चं नाही.

बाबा खोटं बोलत नव्हते. स्वयंपाकघरात नाव दिसतं. माडीवर, राउटरपासून सहा फुटांवर, शेजाऱ्यांची चार नावं दिसतात, आमचं नाही. माझ्या फोनवर त्याच जागी रेंज पूर्ण. कार्ड बिघडलंय म्हणावं, तर माझ्या फोनचा हॉटस्पॉट त्याला लगेच दिसला.

फोनवरच्या ॲपमध्ये कोण कुठल्या चॅनलवर, म्हणजे २.४ च्या पट्ट्यातल्या कुठल्या कप्प्यात आहे, ते पाहिलं. खालचा १ वर. शेजारी १, ६, ११ वर दाटीने. आमचा वरचा : १३.

तो एकटाच १३ वर का बसला, हे लगेच लक्षात आलं. राउटरला चॅनल आपोआप निवडायला सांगितलंय. आजूबाजूची गर्दी पाहून त्याने रिकामा कोपरा धरला. आपल्याकडे २.४ मध्ये १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या उपकरणांत बहुतेक वेळा ११ पर्यंतच सोय असते. हा लॅपटॉप तिथला. १२ आणि १३ कडे तो बघतच नाही. राउटर जेव्हा ६ वर असेल तेव्हा बाबांना नाव दिसत असणार, १३ वर गेला की गायब. खालचा १ वर, म्हणून खाली नाव दिसतंच.

चॅनल हाताने ११ वर ठेवला. १, ६, ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. चॅनलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि प्रत्येकाला लागणारी जागा २० ची. ३ किंवा ८ वर बसणारा दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना त्रास देतो आणि स्वतःही भोगतो. ११ वर दोन शेजारी आहेत, पण दोघांची रेंज आमच्या माडीवर उणे ८० च्या खाली. चालेल.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे लॅपटॉप अजून अमेरिकेतच आहे म्हण की."

८ जून

पाऊस. दुपारपासून लाईट सात वेळा गेली. इन्व्हर्टर प्रत्येक वेळी लागला, फायबरच्या डब्याचे दिवे हललेसुद्धा नाहीत, खालचा राउटरही तसाच. वरचा मात्र सातपैकी पाच वेळा पहिल्यापासून सुरू झाला. सुरू व्हायला दोन मिनिटं. दोन मीटिंगा गेल्या.

मेन जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंत क्षणभर खंड पडतो. अडॅप्टरच्या आतले कपॅसिटर तेवढा क्षण तारून नेतात. म्हणजे संशय अडॅप्टरवर. मल्टिमीटर काढला. अडॅप्टर नुसता बोर्डावर : १२.२ व्होल्ट, उत्तम. आता भार देऊन मोजायचं. पिन अर्धवट बाहेर ठेवून तारा टेकवायचा माझा जुगाड बाबांनी मोडीत काढला आणि ट्रंकेतून एक जोड-पिन शोधून दिली, तिच्यावर मोजता येतं. राउटर चालू, दोन्ही बँड चालू, माझ्या लॅपटॉपवर मोठी फाइल उतरते आहे : १०.६. मध्येच १०.१.

नुसतं मोजलं असतं तर अडॅप्टर निर्दोष सुटला असता.

९ जून, रविवार

बाजारातून १२ व्होल्ट २ अँपिअरचा आणला. जुना १२ व्होल्ट १.५ चा होता. दुकानदार म्हणाला, "ताई, अँपिअर जास्त झालं तर डबा जळेल." जळत नाही. व्होल्टेज तेच हवं, पिनची प्लस-मायनसची बाजू तीच हवी. अँपिअर म्हणजे किती देऊ शकतो. डबा लागेल तेवढंच घेतो. भारावर ११.९. मेन स्विच हाताने दहा वेळा पाडला, राउटर एकदाही बंद झाला नाही. दहाव्या वेळी आई स्वयंपाकघरातून म्हणाली की आता पुरे, फ्रीजची दया कर.

१२ जून

गिझरचा प्लग. आईला गुडघ्यांमुळे जिना नको वाटतो. खालून फोनवर गिझर लावता यावा म्हणून तो घेतला होता. मेच्या अखेरीपासून "ऑफलाइन".

मेमध्ये केलेल्या उद्योगांपैकी हा एक आठवला. वरच्या राउटरची सुरक्षा मी डब्ल्यूपीए३ वर नेली होती, फक्त ३ वर. नवीन फोनांना ते चालतं. अशा प्लगांच्या पोटातली चिप स्वस्तातली असते. तिला २.४ शिवाय काही ऐकू येत नाही, आणि आमच्या प्लगच्या कागदावर डब्ल्यूपीए२ एवढंच लिहिलंय. खालच्या राउटरची रेंज त्या बाथरूमपर्यंत पोचत नाही, त्यामुळे बिचारा दोन आठवडे दारात उभा.

२.४ आणि ५ यांना एकच नाव होतं, ते आज वेगळं केलं. २.४ ला डब्ल्यूपीए२ आणि नाव ओटी, ५ ला नाव माडी. खालच्यालाही ओटी हेच नाव दिलं. नावं देवनागरीत ठेवायची हौस होती. ठेवता येतात, पण नावाला जागा ३२ बाइटची आणि देवनागरीचं एकेक अक्षर-चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हांत आटपायचं. "माडी" मावली. टीव्हीवर मात्र चौकोन दिसले. रोमन लिपीत केली. एका दिवशी दोन बदल झाले, नियम मोडला. त्याची शिक्षा संध्याकाळी मिळाली.

प्लग जागा झाला. आईने खालून गिझर लावला, वर जाऊन पाणी बघून आले, गरम. आणि त्याच वेळी आईचा फोन वायफायला जोडेना. पासवर्ड बरोबर, चार वेळा घातला. ना ओटी, ना माडी.

पाऊण तास गेला. मग वरच्या राउटरमध्ये परवानगीची यादी सापडली. राउटर घेतला तेव्हा मीच चालू केली होती, घरच्या प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, लिहून. यादीत नाही तो बाहेर. आता फोन हुशार झालेत. माग काढता येऊ नये म्हणून प्रत्येक वायफाय नावासाठी ते वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात. अँड्रॉइडमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये चौदाव्यापासून हे आपोआप होतं. नाव बदललं, तसा आईच्या फोनने नवा पत्ता धारण केला आणि दारावरच्या वॉचमनने ओळखच दिली नाही.

यादी काढून टाकली. तिचा उपयोग तसाही नव्हता. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो, ज्याला चोरी करायची त्याला तो दिसतो. चांगला लांब पासवर्ड पुरे.

१५ जून, शनिवार

आईची मूळ तक्रार. वायफायचं चिन्ह आहे, खाली "जोडलेले, इंटरनेट नाही".

हे माझ्या फोनलाही अधूनमधून होतं. नवा अडॅप्टर आल्यापासून कमी झालं, पण गेलं नाही. अडॅप्टरचा आणि याचा काय संबंध, हे कळत नसल्यामुळे जास्त टोचतंय.

आज सकाळी आईच्या फोनवर ते आलं तेव्हा मी समोर होते. रेंज उणे ४८. म्हणजे रेंज नाही हे नक्की. डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा घोळ असेल, म्हणून फोनमध्ये गूगलच्या त्या सेवेचा पत्ता ८.८.८.८ घातला. वायफाय बंद-चालू केलं, चाललं. झालं, सापडलं, असं मनाशी म्हणून माझ्या फोनवरही तेच केलं.

संध्याकाळी पुन्हा तेच. ८.८.८.८ असूनही. सकाळी डीएनएसने बरं झालं नव्हतं, बंद-चालू केल्याने झालं होतं. मी औषध आणि पाणी एकदम दिलं आणि श्रेय औषधाला.

१६ जून, रविवार

आज दिवसभर हेच.

पद्धत बदलली. बिघडलेला फोन दुरुस्त करायचा नाही, तसाच ठेवायचा, आणि शेजारी चालणारा फोन ठेवून दोन्हींची माहिती ओळीने ताडून पाहायची. पण बिघडायला हवा ना! सकाळी नऊ ते दुपारी दीड आईचा फोन ठणठणीत. पावणेदोनला लाईट गेली, आणि परत आल्यावर आईने हाक मारली, "आलं गं, आलं, ये लवकर." इतक्या आनंदाने बिघाडाची बातमी तिने पहिल्यांदाच दिली असेल.

माझा फोन : पत्ता १९२.१६८.१.१०७, दार (ज्या राउटरमधून फोन बाहेर नेटवर जातो तो) १९२.१६८.१.१.

आईचा फोन : पत्ता १९२.१६८.०.१०३, दार १९२.१६८.०.१.

तो शून्य मला दिसायला पाच मिनिटं लागली. दोन्ही फोन हातात धरून मी बाकी सगळं वाचत होते.

आमच्या घरात शून्याचं घराणंच नाही. वरचा राउटर पत्ते वाटतो ते १ चे. मग ०.१०३ आईला दिला कुणी? आईच्याच फोनवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. खालच्या राउटरचं लॉगिनचं पान उघडलं.

एप्रिलमध्ये खालचा अडकला म्हणून मी त्याच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून तो कोरा केला होता. मग नाव आणि पासवर्ड परत घातला, रेंज आली, मी उठले. पण कोरा झाल्यावर तो पुन्हा आपल्याला घरचा कारभारी समजायला लागला. पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, परत चालू. एका घरात दोन कारभारी. नवा फोन आला की "मला पत्ता द्या" म्हणून सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडतो, आणि जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. वरच्याने उत्तर दिलं तर नेट. खालच्याने दिलं तर पत्ता मिळतो, चिन्ह लागतं, पण खालच्याचं बाहेरचं दार कशालाच जोडलेलं नाही. तो म्हणतो मीच दार, आणि दारामागे भिंत.

आणि अडॅप्टरचा संबंधही इथे लागला. वरचा दर लाईटीला बंद पडून दोन मिनिटं सुरू होत बसायचा. तेवढा वेळ उत्तर द्यायला खालचा एकटाच. जो फोन त्या दोन मिनिटांत विचारेल तो अडकणार, आणि मिळालेला पत्ता मुदत संपेपर्यंत धरून बसणार. नवीन अडॅप्टरनंतर वरचा कायम जागा, म्हणून शर्यत बरोबरीची झाली. म्हणून कमी झालं, पण गेलं नाही. दोन रोग एकमेकांच्या आड लपले होते.

हे आठ आठवडे चाललं, एका टाचणीमुळे, आणि टाचणी माझी. आईला मी मध्यंतरी "तुझ्या फोनमध्येच काहीतरी आहे" असंही म्हटलं होतं. ते आज परत घेतलं.

उपाय पाच मिनिटांचा. खालच्याचं डीएचसीपी बंद. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, म्हणजे पुढे त्याच्या सेटिंगमध्ये शिरता येईल. केबल त्याच्या लॅनच्या (घरातल्या जोडणीच्या) भोकात आहे याची खात्री केली, निळ्या वॅनच्या (बाहेरून नेट येण्याच्या) नाही. खालच्याच्या अंगावर पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं : "कोरा केल्यास डीएचसीपी बंद करणे."

२१ जून, वटपौर्णिमा

आईचा फोन पाच दिवस नीट. आज सगळ्या मावश्यांचे वडापाशी काढलेले फोटो आले, गेले.

दुपारी स्वयंपाकघरात फोटो अडकला. दीड मिनिटाने आपोआप गेला. मायक्रोवेव्ह चालू होता. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, ओटीच्या अगदी मांडीला मांडी लावून, आणि झाकणातून थोडंफार गळतंच. खालचा राउटर त्याच्याच वर कपाटावर. राउटर दुसऱ्या टोकाच्या कपाटावर नेला. पुन्हा पाहिलं, थोडा मंदावतो, तुटत नाही. सोडून दिलं.

२३ जून, रविवार

"तू प्रिंट काढलीस की टीव्ही अडकतो."

आज बाबांना टीव्हीसमोर बसवलं आणि वरून ओरडून सांगत प्रिंटर चालू केला. खालून आवाज, "गेला!" प्रिंटर बंद. काही वेळाने, "आला." पुन्हा चालू. "गेला." सलग चार वेळा.

आता मला माहीत होतं कुठे पाहायचं. प्रिंटर वारंवार हरवतो म्हणून गेल्या वर्षी मी त्याला कायमचा पत्ता दिला होता, प्रिंटरच्याच सेटिंगमध्ये जाऊन : १९२.१६८.१.१०५. पण वरचा राउटर १०० ते १९९ हे पत्ते वाटतो. १०५ मी राखून ठेवलाय हे त्याला कुणी सांगितलं? प्रिंटर आठवड्यातून दोनदा चालू होतो. बाकी वेळ १०५ रिकामा दिसतो, म्हणून त्याने तो टीव्हीला दिला. प्रिंटर उठला की एका घरात एकाच नंबरचे दोघे, आणि टीव्हीची पत्रं प्रिंटरकडे.

प्रिंटरला १९२.१६८.१.२० दिला, वाटपाच्या बाहेरचा. बाबा काही बोलले नाहीत. चहा मात्र मला करायला सांगितला.

३० जून, रविवार

पाऊस मुरल्यावर ओटीवरची रेंज पुन्हा घेतली, वरच्या राउटरची, त्याच जागी : उणे ८६. कोरड्यात ८३ होती. दोन-तीन अंक इकडेतिकडे फोन कसा धरला यानेही होतात, तेव्हा सगळा दोष ओल्या चिऱ्याला देत नाही.

टीव्ही ओटीवर. त्याला वायफायवर ठेवण्यात अर्थ नाही. खालच्या राउटरपासून टीव्हीपर्यंत केबल टाकली, खिडकीच्या चौकटीतून, ११ मीटर. टोकं मीच क्रिम्प केली, म्हणजे तारांवर प्लग दाबून बसवले. रंगांचा क्रम जिभेवर बसवला : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याला मध्ये घेऊन फुटते, सगळे तिथेच चुकतात. पहिली दोन टोकं वाया.

तिसरं बसलं. टीव्ही चालला. बाबांनी शाबासकी दिली. मग मी टेस्टर लावला, तर तपकिरी तार तुटलेली. तरी टीव्ही चालत होता, कारण १०० मेगाबिटला चारातल्या दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी, आणि टीव्हीचं भोक तेवढंच आहे. गिगाबिटला चारही लागतात. तशीच ठेवली असती तर कदाचित तीन वर्षांनी नवीन टीव्ही आल्यावर आम्ही टीव्हीला शिव्या घातल्या असत्या. टोक कापून परत केलं.

७ जुलै

माडी हे ५ गिगाहर्ट्झचं नाव. आज फायबरचं काम म्हणून वरचा राउटर मीच बंद करून चालू केला. ओटी लगेच आलं, माडी एक मिनिटभर आलंच नाही. बिघाड नाही. ५ मध्ये चॅनल ५२ वर आहे. ५२ च्या पुढचे काही चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात, म्हणून राउटर बोलायच्या आधी साठ सेकंद कान देऊन ऐकतो. तेवढ्यात सगळे फोन ओटीवर जाऊन बसतात आणि मग तिथून उठत नाहीत. ३६ वर आणला. तिथे ऐकत बसावं लागत नाही.

१७ जुलै, आषाढी

बाबा रात्री दोनला उठले. पंढरपूरची शासकीय महापूजा टीव्हीवर थेट बघायची, दरवर्षीचा नेम. गेल्या वर्षी चित्र अडकत अडकत दिसलं होतं. मीही उठले, खरं सांगायचं तर केबल बघायला. चित्र स्वच्छ. अभिषेक सुरू झाला, बाबांनी हात जोडले.

अडीचच्या सुमाराला लाईट गेली.

जिन्यात वर पाहिलं. राउटरचे पाचही दिवे हिरवे, एकही लुकलुकला नाही. खालचाही चालू. नेट पूर्ण वेगाने. आणि ओटीवर मिट्ट काळोख, कारण टीव्ही इन्व्हर्टरवर नाही.

बाबांनी आईचा फोन मागून घेतला. आईने अंधारात विचारलं, "कुठलं लावू, ओटी की माडी?"

"ओटी."